चांदमारीतलं दार

"खापरं येचाले बी आते पुण्याहून मानसं येतस, बई! आमना घरना फुटेल मडकाले कोनी ईचारत नही."

धुरपदाबाई धाकट्या जावेच्या कानाशी पुटपुटली. ओठ हलवायचे नाहीत आणि गाऱ्हाणं तेवढं पोहोचवायचं, ही तिची जुनी कला.

झुंबरबाई हसली. त्या दिवशीचं तिचं ते शेवटचं हसणं.

ही घटना घडलेली आहे. एक्क्याण्णव सालचा वैशाख. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याची चांदमारी, म्हणजे लष्कराच्या तोफांच्या सरावाचं रान. आणि वेळ दुपारची. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खानदेशातली वैशाखाची दुपार पाहिलेली नाही.

झुंबरबाई आता पिंप्राळ्याला लेकाकडे असते. भर थंडीतही दाराला कडी लावू देत नाही. सून चिडते. ही ऐकत नाही.

तर त्या रानात पूर्वी बोरमळी नावाचं गाव होतं. लष्कराने जागा घेतली, गाव उठलं. त्या आठवड्यात सरावाला सुट्टी होती, म्हणून पुण्याच्या एक संशोधक मॅडम पाहणीला आल्या होत्या. पार दगडी हत्यारांच्या काळापासून या जमिनीवर कोण राहिलं, कुठे पेरलं, कुठे चूल मांडली, ते त्यांना शोधायचं होतं. मजुरांनी एका ओळीत खाली बघत चालायचं. खापर दिसलं की लाल झेंडी रोवायची. लोखंडाला मात्र हात लावायचा नाही. सोबतचा हवालदार तेवढंच सारखं बजावत होता.

मजूर बोरमळीचेच. झुंबरबाई, तिचा नवरा रुपचंद, थोरला दीर तोताराम आणि जाऊ धुरपदाबाई.

मॅडमना लाल खापर सापडलं. वर काळी नक्षी. त्या लहान मुलीसारख्या हरखल्या.

"हे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं!"

"आमनी सासू बी एवढीच जुनी व्हती," धुरपदाबाई बोलून गेली.

आणि तिने लगेच जीभ चावली.

सासूचं, यशोदाबाईचं, नाव त्या घरात कोणी घेत नसे. ती होती तोवर पाळीने जेवायची. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. अमावास्येला पाळी बदलायची. वाटणीत विहीर अर्धी झाली होती, तशी आईही.

ओळ पुढे सरकली.

बोरमळीत आता घरं नव्हती. गोळ्यांचे खड्डे, आणि मातीत बुडालेली जोती. एका जोत्याचा दगडी उंबरा तेवढा शाबूत होता. दार नाही. चौकट नाही. भिंतसुद्धा नाही.

झुंबरबाईने उंबरा ओळखला. याच्यावरचं माप तिने लग्नात लवंडलं होतं.

"हे घर मोजू," मॅडम म्हणाल्या. "रुपचंद, टेपचं टोक उंबऱ्यावर धरा."

रुपचंद हलेना. "हाई राहू द्या ना मॅडम. तिकडलं मोजा."

"धर ना रे!" तोताराम खेकसला. "दगडले काय घाबरस?"

रुपचंदने वाकून टोक धरलं.

आणि...

धाड.

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

धाड... धाड...

"आज फायरिंग नहीं है," हवालदार म्हणाला. मग त्याने कान दिला. त्याचा चेहरा उतरला. "ये गोला नहीं है. ये तो... कोई दरवाजा पीट रहा है."

आसपास कोसभर दार नव्हतं. वारा नव्हता. बाभळीवरचे होले जागचे हलले नव्हते. आवाज फक्त माणसांनाच येत होता.

रुपचंद हात काढू लागला.

निघेना.

बोटं उंबऱ्यावर, वर नुसती हवा. पण बोटं चपटी होत चालली होती... दारात सापडावीत तशी. कडकन् आवाज झाला. नखांतून रक्त उडालं. रुपचंद गुरासारखा ओरडला.

तोतारामने त्याला कमरेला धरून ओढलं. न दिसणारं काहीतरी तोतारामच्या तोंडावर बसलं. तो उताणा उडाला, नाक-ओठ फुटले.

"कुणाचं घर होतं हे?" मॅडम किंचाळल्या. "काय झालंय इथे?"

"काहीच नही," तोताराम रक्त पुसत म्हणाला. "रिकामं व्हतं. माय आमनी पहिलेच मरी गयथी."

धाड!

रुपचंदचा हात मनगटापर्यंत आत गेला. आत म्हणजे कुठे... ते कोणालाच कळलं नाही. मनगटापुढे हातच दिसेना.

"नही, मरनी नही!" रुपचंद रडत ओरडला. "ती बहीणकडे गयथी... यावलले..."

धाड!

कोपर गेलं. हाड मोडलं, ओली फांदी पिळून मोडावी तसं. हवालदाराने त्याचे पाय धरले, मॅडमनी दुसरा हात. दोघंही त्याच्यासकट फरफटत पुढे गेले. उंबरा रक्ताने माखला.

धाडधाडीच्या मधून आता खोकला येत होता. कोरडा, धाप लागलेला...

झुंबरबाईला तो खोकला माहीत होता. त्याच्यासाठी तिने कितीदा ओवा उकळला होता.

खांदा आत गेला. आता मान.

तिने जावेकडे पाहिलं. जावेने नजर मातीत घातली. तिने थोरल्या दिराकडे पाहिलं. रक्ताळलेल्या तोंडाने त्याने मान हलवली... नको.

रुपचंद काही फार चांगला नवरा नव्हता. पण तिचा होता. आणि त्याची मान आडवी होत चालली होती.

लग्न होऊन आल्यापासून ती दिरासमोर कधी बोलली नव्हती. घोटभर पाणी द्यायचं तरी पदराआडून. तिने तो पदर मागे फेकला.

"माय घरमाच व्हती!"

आवाज थांबला.

रुपचंद अर्धा आत, अर्धा बाहेर. कोणीतरी ऐकत होतं.

"गाव उठनं त्या दिन अमावस्या व्हती. तुमनी पाळी सरनी, आमनी लागनी. तुम्हले वाटनं, ती धाकलाना गाडामा शे. ह्यास्ले वाटनं, मोठा भाऊना गाडामा शे. म्हातारी भटकस म्हनीसन बाहेरथीन कडी लायेल व्हती. नाला लागना तव्हय याद उनी आपले. तठेपर्यंत दारना आवाज येत व्हता. आनि तुम्ही दोन्ही भाऊ गाडा उभा करीसन भांडत बसनात, आज पाळी कोनी, तिले आनाले कोनी जावानं! ती वाजाडतच व्हती... तव्हयच पहिला गोळा पडना. आपू चारी जनस्नी ऐकं, भाऊ. कोनीच गयं नही."

कुठेतरी कडी सरकल्याचा आवाज झाला, आणि रुपचंद उंबऱ्यावरून मागे कोसळला.