तेलातला एको

मास्तरांना गिटारचा आवाज बदलणाऱ्या जुन्या पेडलचा नाद होता, आणि नाद म्हणजे अगदी घर डोक्यावर घेण्याइतका. गिटार शिकवायची त्यांची खोली वरच्या मजल्यावर. तिथे पाऊल टाकायचं तर आधी वायरींचं जंजाळ ओलांडावं लागे. ज्यांची नावं दुकानदारही विसरले असे डबे त्यांच्याकडे होते. एक पायाने दाबला की गिटार गांधीलमाशीसारखी भणभणायची. दुसऱ्यात बारका बल्ब उघडझाप करायचा आणि त्याच्या तालावर आवाज थरथरायचा. बायको म्हणायची, "अहो, लाथ मारायच्या वस्तू लोक दाराबाहेर ठेवतात. तुम्ही कपाटात ठेवता."

म्हणून दाढीच्या बायकोचा त्याच्या एका जुन्या डब्याबद्दल फोन आला तसे मास्तर लगेच निघाले. दाढी हा त्यांचा जिवाभावाचा मित्र. एका हॉटेलच्या बँडमध्ये दोघांनी उभी हयात शेजारी शेजारी गिटार वाजवली होती. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. वहिनींनी डबा दारातच पुढे केला.

"घेऊन जा, भाऊजी. मला भंगारात टाकवत नाही, आणि घरात... ठेववत नाही."

आठवणीने जीव कातरत असेल, असं मास्तरांना वाटलं. बसा, चहा घ्या, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

डबा राखाडी, चपलांच्या खोक्याएवढा आणि जड. बनवणाऱ्याचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं. तिरका केला की आत काहीतरी डुचमळायचं. मास्तरांचे डोळे चमकले. तेलाचा एको! असल्या यंत्रात तेल भरलेलं डबडं असतं आणि तेलात एक चकती फिरते. वाजवलेला सूर त्या तेलात क्षणभर मुरतो आणि पुन्हा बाहेर येतो. त्यांनी फक्त ऐकलं होतं, पाहिला आजच.

घरी येऊन त्यांनी गिटार जोडली. डबा तापला तसा खोलीत वास पसरला, ओल्या कातड्याचा, जरा गोडसर. खरं तर हल्ली मास्तरांची करंगळी आखडली होती. ज्या तुकड्यासाठी लोक त्यांना ओळखत, तोच आता अडखळायचा. बँडने त्यांना गोडीगुलाबीने घरी बसवलं होतं. त्यांनी तोच तुकडा छेडला. नेहमीसारखा मधेच तुटला.

एको परत आला. न तुटता.

मास्तरांचा हात तारेवरच राहिला. त्यांनी पुन्हा वाजवलं, मुद्दाम वेडंवाकडं. डब्याने तो तुकडा धुऊन-पुसून परत दिला, ऐन उमेदीत ते वाजवायचे तस्सा. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. भीती वाटायला हवी होती, पण बुडत्याला काडीचा आधार. काडी कुणी धरलीय ते कोण बघतं?

डबा सोबत घेऊन ते पुन्हा हॉटेलात वाजवू लागले. लोक जेवणं थांबवून ऐकायचे. बँडवाले म्हणाले, "मास्तर, कात टाकलीत!"

आणि एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. करंगळी तर गेलीच होती, आता शेजारचं बोटही वळेना. मग मधलं. शर्टाची बटणं बायको लावू लागली. बोटं दुखत नव्हती, सुजली नव्हती. डॉक्टरांनी टाचणी टोचली तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत होते; त्यांना कळलंच नाही. उजव्या हाताने नुसती तार छेडली, तरी एको मात्र दिवसेंदिवस बहरत होता.

शेवटी ते वहिनींकडे गेले. वहिनींनी चेहऱ्याकडे बघायच्या आधी खिशाकडे बघितलं.

"हात बाहेर काढा, भाऊजी."

मास्तरांनी काढला. तो पिळलेल्या पंच्यासारखा लोंबत होता.

"यांचाही असाच... शेवटी शेवटी. मला वाटलं, आजार आहे. जिन्यावरून पडले ना, तेव्हा मी समोरच होते. कठडा हाताशी होता. हात उचललाच नाही त्यांचा."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? की डब्याजवळ गेलं की माझ्या बोटांना मुंग्या येतात? कोणी खरं मानलं असतं?"

मास्तर घरून डबा उचलून तडक मेहुण्याच्या दुकानात गेले. बायकोचा हा धाकटा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. गाण्याचं आणि त्याचं काडीचं सख्य नव्हतं. शिट्टीसुद्धा बेसूर.

"दाजी, याला माझ्याकडे कशाला आणलंत? गॅरेजात न्या, ऑइल बदलून देतील," असं म्हणत त्याने झाकण उघडलं. आणि त्याचं हसू मावळलं.

"हे तुम्ही वाजवत होतात?"

"कालपर्यंत."

"अहो, चकती फिरवणारा पट्टा कुजून भुगा झालाय. चकती गंजून तळाशी चिकटलीय. हे कित्येक वर्षांत फिरलेलं नाही, दाजी. यातून आवाज येणं... शक्यच नाही."

तेल काळं होतं. दुकानात कुणी हललं नव्हतं, तरी त्यावर बारीक कंप उठत होता. मास्तर "अरे, नको" म्हणेपर्यंत मेहुण्याने चकती सोडवायला डावा हात त्यात घातला होता.

"कोमट आहे," तो चकित होऊन म्हणाला. मास्तरांनी त्याचं मनगट धरून हात बाहेर ओढला आणि चिंध्यांनी खसाखसा पुसला. डबा उचलून त्यांनी सगळं तेल मागच्या अंगणातल्या खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली. परत आले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. मेहुण्याने दोन कप चहा ओतला. दुपारचं ऊन दुकानात आलं होतं, रस्त्यावर वर्दळ होती. मास्तरांना जरा बरं वाटलं.

तेवढ्यात मेहुण्याची बोटं टेबलाच्या कडेवर हलू लागली.

"काय करतोस?"

"कुठं काय?" त्याने खाली बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "दाजी... हे मी नाही करत."

मास्तरांना आवाजाची गरजच नव्हती. बोटांच्या चाली ते डोळ्यांनी वाचू शकत. पहिला त्यांचाच तुकडा होता, करंगळीच्या झेपेसकट. मग बोटं सैलावली आणि एकेका जागी जरा उशिराने पोचू लागली. ती दाढीची ढब. जगात दुसऱ्या कुणाची नाही.

"थांबवा ना, दाजी..."

मास्तरांनी उजव्या हाताने त्याचा पंजा टेबलावर दाबून धरला. पंजा क्षणभर गप्प झाला. मग त्यांच्या तळव्याखाली तिसराच कुणीतरी वाजवू लागला. ही चाल मास्तरांनी जन्मात पाहिली नव्हती. दोन बोटांमधला ताण भलताच लांब होता, माणसाच्या पंज्याला न झेपणारा.

मेहुण्याची पाचही बोटं त्यांच्या हाताखाली घट्ट दाबलेली होती. आणि करंगळीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, टेबलाच्या लाकडावर टक् टक् आवाज येत होता. तालात. तिथे बोट नव्हतं.