धाकटीची तिसरी रिव्हिजन

चाकणच्या आमच्या कंपनीत सव्वीस वर्षं मी एकच काम करतोय. दुसऱ्यानं केलेलं मोजायचं. त्यासाठी गेज रूम म्हणून एक बिनखिडकीची खोली आहे. तिथं बारा महिने वीस डिग्री तापमान असतं, त्यामुळे मी भर एप्रिलात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घेऊन आकुर्डीहून कंपनीच्या बसनं निघतो. आमची वासंती म्हणते, "सोसायटीतल्या बायका मला विचारतात, यांची तब्येत बरी आहे ना?" बरी आहे. मला माझी खोली आवडते, काम आवडतं, बायकोही आवडते. चौपन्नाव्या वर्षी असं म्हणणारे फार लोक मला भेटलेले नाहीत.

राग मला एकाच गोष्टीचा येतो, तो म्हणजे जुन्या ड्रॉइंगचा. पार्टचं ड्रॉइंग बदललं की त्याची नवी रिव्हिजन निघते. ए नंतर बी, बी नंतर सी. नवी आली की जुनीच्या सगळ्या प्रती शॉपवरून उचलायच्या, मोजायच्या, त्यांवर लाल 'रद्द' शिक्का मारायचा आणि फाडून टाकायच्या. एक जरी प्रत कुणा शहाण्याच्या ड्रॉवरमध्ये राहिली, तर तो त्यावरून दोन हजार पार्ट काढून मोकळा होतो. आमच्याकडे हे काम पूनम करते. मृदू बोलणारी, तिशीची मुलगी. हिशोब जुळल्याशिवाय ती जेवायलासुद्धा जात नाही. अशी चार माणसं असती तर देश कुठल्या कुठं गेला असता.

दुसरी गोष्ट सांगायची म्हणजे मी विज्ञानकथा लिहितो. अकरा वर्षांत सहा कथा साभार परत आल्या. या वर्षी मात्र एका दिवाळी अंकानं माझा आराखडा पसंत केला. थोरला नावाचा एक वायूचा अवाढव्य ग्रह, आणि त्याच्याभोवती फिरणारा माणसांना राहता येईल असा चंद्र, धाकटी. आकाशात दोन चंद्र टांगले की झाली विज्ञानकथा, असं मानणाऱ्यांतला मी नाही. धाकटीची फेरी बासष्ट तासांची. तिचा एकच चेहरा कायम थोरल्याकडे, म्हणून तिथला दिवसही तेवढाच लांब. कक्षा किंचित लांबट, म्हणजे ती थोरल्याच्या जवळ जाते, लांब जाते, आणि तेवढ्यानं तिची जमीन ओढली जाते, सैल पडते. त्या ओढाताणीनं ती आतून उबदार राहते, समुद्र गोठत नाही. सुनेला सासरी अधूनमधून ओढाताण असली की घर गरम राहतं, असं वासंतीला समजावून सांगितलं. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

हे सगळं मी सवयीनं आमच्या पद्धतीच्या ड्रॉइंगवरच काढलं. कोपऱ्यात चौकट, पार्टचं नाव 'धाकटी', रिव्हिजन ए, प्रत्येक आकड्याला टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ते. प्रिंट ऑफिसात काढली, आणि ती चुकून अकरा खऱ्या ड्रॉइंगांबरोबर पूनमच्या ट्रेमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी धाकटी नंबर पडून, निळा शिक्का होऊन परत आली. पाच प्रती वाटल्या गेल्या होत्या: टूलरूम, मेंटेनन्स, दोन लाइन आणि माझी गेज रूम. पाचही ठिकाणी सह्या होत्या. वाचलं कुणीच नव्हतं. मी दार लावून पोटभर हसलो. पूनमला सांगायला हवं होतं, पण खरं सांगतो, माझ्या जगाला अधिकृत नंबर मिळाला याचा मला आनंद झाला होता.

गेज रूममध्ये ग्रॅनाइटचं टेबल आहे. त्यावरची इलेक्ट्रॉनिक लेव्हल टेबल केसभर कललं तरी आकडा नोंदवते. त्या आठवड्यात नोंदीत एक संथ लाट दिसायला लागली. टेबल हळूहळू एका बाजूला कलायचं, मग तितक्याच हळू परत यायचं. मी एसी तपासला. बाहेरचे ट्रक, प्रेस शॉपचे धक्के, सगळं तपासलं. रविवारी प्लांट बंद असताना मुद्दाम आलो. लाट होतीच. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत बासष्ट तास.

योगायोग, मी म्हणालो, आणि जेवणाच्या सुट्टीत ताक प्यायला बाहेर पडलो.

आमच्या मागच्या भिंतीला लागून गोजाबाईचं घर आहे. सगळ्यांनी जमिनी विकल्या, तिनं तीन गुंठे ठेवले. दोन खोल्या, विहीर, गाय, चार कोंबड्या. गेली कित्येक वर्षं मी रोज दुपारी तिच्याकडे ताक पितो. त्या दिवशी ती विहिरीच्या पायऱ्यांवर कोळशानं रेघ मारत होती.

"सायेब, इहीर वर येती आन् खाली जाती," ती म्हणाली. "पाऊस न्हाई, पानी न्हाई, आपली आपली चढती."

"किती दिवसांनी, मावशी?"

"अडीच दिस. आन् वर, भाकरी-कोरड्यास व्हईस्तवर."

भाकरी आणि कोरड्यास व्हायला दोन तास धरले तर बासष्ट होतात. मी ताक अर्धं ठेवून उठलो.

त्याच संध्याकाळी संपादकांचा फोन आला. "नंदकिशोरराव, जग उत्तम आहे हो तुमचं, पण काही घडतच नाही. काहीतरी बिघडू द्या. शिवाय तो बासष्ट तासांचा दिवस वाचकाला झेपत नाही."

मी रिव्हिजन बी काढली. दिवस तसाच ठेवला, फक्त कक्षा आणखी लांबट केली. ओढ चौपट. समुद्र चढतो, वस्तीला तडे जातात. कथेला जोर आला. आणि तो कागद मी पूनमच्या ट्रेमध्ये ठेवला. या वेळी चुकून नाही. मला बघायचं होतं. मोजणाऱ्या माणसाची ही खोड आहे, आणि तिची मला आज लाज वाटते.

चार दिवसांत लेव्हलवरची लाट चौपट झाली. मी मागच्या गेटनं जवळजवळ पळतच गेलो. विहीर काठोकाठ भरली होती, पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. घराच्या भिंतीला जमिनीपासून आढ्यापर्यंत तडा गेला होता, त्यात माझा पंजा मावला. दारात टेम्पो उभा होता. माण गावात राहणारा तिचा मुलगा शेखर भांडी चढवत होता.

"काका, तुम्ही तरी समजवा," तो म्हणाला. "घर पडणार आहे. माझा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे."

गोजाबाई गाईच्या गळ्यात हात टाकून बसली होती. "चवथ्या माळ्यावर हिला कुटं बांदू? ह्या घरात मी लगीन हून आले. तितं मी म्हैनाभर बी न्हाई जगनार, सायेब." ती रडत नव्हती. नुसतं सांगत होती, आणि मला ते खरं वाटलं.

"दोन दिवस थांब शेखर," मी म्हणालो. "दोनच दिवस."

गेज रूममध्ये येऊन मी रिव्हिजन सी काढली. कक्षा पूर्ण गोल. ओढाताण संपली. आणि इथं मी ती चूक केली जी करू नका म्हणून मी नव्या पोरांना शिकवतो. एका रिव्हिजनमध्ये एकच बदल करायचा असतो. पण हात लावलाच आहे तर संपादकांचंही ऐकू, म्हणून मी दिवस चोवीस तासांचा केला. त्यासाठी धाकटीला थोरल्याच्या बरंच जवळ आणावं लागलं. तिला त्यानंच ऊबही मिळेल, असा विचार केला. बाकी तपासायला वेळ नव्हता.

"पूनम, आजच वाट. आणि जुन्या सगळ्या उचल."

"उचलते, सर," ती म्हणाली. तासाभरात येऊन तिनं बीच्या पाच प्रती माझ्यासमोर मोजल्या आणि फाडल्या.

दुसऱ्या दिवशी लेव्हलवर सरळ रेघ होती. इतकी सरळ रेघ मी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती. विहीर खाली जाऊन शांत बसली. शेखरनं टेम्पो रिकामा परत नेला आणि रविवारी येऊन तडा सिमेंटनं बुजवला. संपादकांनी कथा परत पाठवली, यात आता काहीच घडत नाही म्हणून. मी वासंतीला चिंचवडला नेऊन मस्तानी पाजली. "कथा परत आली की माणसं तोंड पाडतात," ती म्हणाली. मी म्हणालो, मी आज खूप खूश आहे. आणि होतोच.

गुरुवारी नेहमीसारखा ताकाला निघालो. गेज रूमचं दार उघडलं, शॉपमधून मागच्या गेटशी आलो.

बाहेर अंधार होता.

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. रस्त्यावरचे दिवे लागलेले. गार वारा सुटला होता. गेटवरचा वॉचमन बल्बखाली डबा खात होता.

गोजाबाईच्या कोंबड्या भिंतीवर चढून झोपल्या होत्या. गाय बसून रवंथ करत होती. तुळशीपाशी पणती होती.

"मावशी, हे काय झालं?"

"कुटं काय?"

"अंधार."

तिनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "दुपारची झाकड हाय न्हवं. रोजचीच."

मी वासंतीला फोन लावला. "दिवा लावतेय, नंतर बोला," ती म्हणाली. कसला दिवा, मी विचारलं. "अहो, दुपारचा. सासूबाई होत्या तेव्हापासून लावतोय ना आपण."

दीड वाजता उजाडलं. कोंबड्या खाली उतरल्या.

मी परत येऊन राहिलेलं गणित केलं. इतक्या जवळून फिरणाऱ्या धाकटीवर, थोरल्याच्या बरोबर खाली राहणाऱ्यांना, रोज माध्यान्हीला थोरल्याची सावली पडणार. एक तास पन्नास मिनिटं. मेंटेनन्सचं दिव्यांचं रजिस्टर मागवलं. चालू अकरा चाळीस, बंद दीड. प्लांट सुरू झाला त्या वर्षापासून, वेगवेगळ्या अक्षरांत, रोज.

खूप विचार केला. रिव्हिजन डी काढता येईल. पण एक दुरुस्त करताना दुसरं काय हलेल, सांगता येत नाही, आणि आज ते घर उभं आहे. गोजाबाई दुपारच्या गारव्यात निवांत डुलकी काढते. चाकणचा उन्हाळा इतका सुसह्य कधीच नव्हता. मीही तिच्या ओट्यावर बसून पणतीच्या उजेडात ताक पितो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? फक्त मी वर बघत नाही. वर काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही.

दुपारी ऊन असायचं हे आठवणारा मी एकटाच उरलोय. म्हणून हे लिहून ठेवलं.

आज अकरा चाळीसला दिवे लागले आणि पूनम गेज रूममध्ये आली. हातात रजिस्टर आणि शिक्क्याचा डबा होता.

"सर, धाकटीच्या जुन्या प्रतींचा हिशोब लागत नव्हता. एक राहिलीय."

"पाच होत्या, पूनम. तू माझ्यासमोर फाडल्यास."

"हो, गेज रूमची आली. ही वेगळी, सहावी."

तिनं रजिस्टर माझ्यापुढे धरलं. सहाव्या ओळीत जागेचं नाव नव्हतं. नुसतं 'नंदकिशोर' होतं, आणि पुढं माझीच सही.

मी लिहिलेले हे कागद तिच्यापुढे सरकवले. तिनं ते पाहिलेसुद्धा नाहीत.

"ते नाही, सर," ती नेहमीच्या मृदू आवाजात म्हणाली. मग माझी खुर्ची आपल्याकडे वळवून तिनं लाल 'रद्द' शिक्क्यावरची तारीख फिरवायला घेतली.