शिवेवरून आणलेली कोंबडी

जाळीचं भेंडोळं खांद्यावर टाकून गोपीचंद वाशीमहून परतला, तेव्हा उन्हं तांड्यामागच्या टेकडीवरून उतरत होती. आसेगावच्या फाट्यापासून दोन मैल तो पायी आला होता, पण चाल हलकी होती. खुराड्याला जाळी लागली की थंडीच्या आत काम फत्ते.

वाटेत तांड्यातला सोमला भेटला. भेटला की तो एकच विचारायचा, "ग्रामसेवक सायेब, तुमच्या कोंबड्यायले उलटा कंगवा कोन फिरवते?"

गोपीचंद हसला. कोंबड्या होत्याच तशा. एकूणएक पीस मुळापासून उलटं वळलेलं, टोक डोक्याकडे. जणू प्रत्येकीच्या वाट्याला एक स्वतःची वावटळ आलेली. त्यांना उडता येत नसे आणि वारा थेट कातडीला झोंबे. म्हणून त्यानं बसायची दांडी वीतभर उंचीवरच ठोकली होती आणि खाली तुरीच्या कुटाराची, म्हणजे भुसकटाची, जाड गादी घातली होती.

यातली एकही त्यानं विकत घेतली नव्हती. तांड्यात कुणाचा ताप उतरेना, की उलट्या पिसांची कोंबडी आणायची, तिच्या कानात आजाऱ्याचं नाव सांगायचं, शिवेवरच्या पळसाखाली तिला सोडायचं आणि मागं न बघता घरी यायचं. ती कोंबडी मग त्या माणसाचं दुखणं घेऊन तिथंच राहायची. तिला कुणी शिवत नसे. दोन दिवसांत कोल्हा न्यायचा. गोपीचंदला या प्रकाराची विलक्षण चीड होती. अमरावतीच्या कॉलेजातून येऊन ग्रामसेवक झाल्यावर त्यानं पहिलं काम हेच केलं. पळसाखाली कोंबडी दिसली की काखेत मारायची आणि घरी आणायची. तशा नऊ झाल्या. कुणाचं काही वाईट झालं नाही. आताशा तांड्यातली पोरं त्यांचीच अंडी मिटक्या मारत खात.

घरात सगळं बरं चाललं होतं. बायको सोजर हसतमुख, आई जमनाबाईचे हातपाय धड. तीन वर्षांची कमली गालांनी गुबगुबीत. दोन वर्षांपूर्वी तापानं ती पार हातची जात होती. त्यातून उठली ती अशी टवटवीत. फक्त अजून बोलत नव्हती. आणि भर वैशाखातही चुलीपाशी अंग चोरून बसायची.

जाळी ठोकून झाल्यावर त्यानं आईला सांगितलं, उद्या मंगरुळपीरहून गटविकास अधिकारी साहेब जेवायला येणार आहेत, राखाडी कोंबडी कापू. पावसाळ्यापासून तिनं अंडं दिलं नव्हतं.

जमनाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"तिले नको."

"काहून?"

ती सुपातले दाणे चिवडू लागली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ते कमलीच्या नावाची हाय. तापात म्याच सोडली होती तिले पळसाखाली. तू सकाळी उचलून घरी आनली."

"मंग तवाच बोलायचं होतं."

"बोलली असती तं हसला असता तू मायावर. कालेजात शिकला ना बापा."

गोपीचंदला हसू आलं नाही, रागही आला नाही. त्याला फक्त घाई झाली. हे असं घरातच मुरत राहिलं तर तांड्याला शिकवायचं काय? आई चुकीची आहे हे आजच, आत्ताच दिसलं पाहिजे. त्यानं डालगं उचललं आणि तो खुराड्याकडे गेला.

दिवेलागण झाली होती. खुराड्यातून कुटाराचा ऊबदार, किंचित आंबूस वास येत होता. आत नऊ काळसर गोळे एकमेकींना खेटून बसलेले. रोज हात घातला की कलकलाट व्हायचा. आज एकीनंही आवाज केला नाही. राखाडी कोंबडी सगळ्यांच्या मध्ये होती. त्यानं तिच्या उलट्या पिसांत बोटं घातली. आत कातडी थंडगार होती... आणि त्या कातडीखाली काळीज हळूहळू चालत होतं. कोंबडीचं चालतं तसं भुरभुर नव्हे. निजलेल्या लेकराचं चालतं तसं.

त्याचं बोट तिच्या मानेवर आलं.

"बापू..."

अगदी जवळून. बारीक, झोपाळू.

तो झटकन मागं वळला. कमली चालत आली असणार, आणि बोलली! पण मागं अंगण रिकामं होतं. दारातून चुलीचा उजेड दिसत होता आणि त्या उजेडात सोजरच्या मांडीवर कमली निजलेली होती. एक मूठ गळ्याशी घट्ट धरून.

"कमली बोलली का?" त्यानं विचारलं.

"नाई जी. कवाचीच निजली." सोजर पोरीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "आत्ताच दचकली मात्र..."

गोपीचंदनं हात काढून घेतला. डालगं तिथंच राहिलं. थोड्या वेळानं तो आपली घोंगडी घेऊन आला आणि नव्या जाळीवर, वारा येतो त्या बाजूनं, ती नीट अडकवून गेला. जमनाबाईनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पिठलं-भाकरीवर ताव मारला आणि खुराड्याची तोंडभरून तारीफ केली.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. राखाडी कोंबडी अंडं देत नाही, म्हातारीही दिसत नाही. कमली त्या संक्रांतीनंतर बोलायला लागली आणि आता तिचं तोंड मिटत नाही. आजीला हाक मारते, आईला मारते, सोमलाला तर नावं ठेवते. सगळे हसतात, गोपीचंदही हसतो. तो सुखी माणूस आहे. बापाला मात्र ती नुसती येऊन बोट धरते. ‘बापू’ ही एक हाक तिला येत नाही.

खुराड्याची कडी तो कुणाला लावू देत नाही. दिवेलागणीला स्वतः जातो, कडी लावतो, आणि जाळीपाशी घटकाभर उभा राहतो. ती हाक आतून येईपर्यंत.