ल्यूबेकची तालीम

बाबांना कुठलीही गोष्ट तालमीशिवाय करवत नाही. माझ्या मुंजीच्या आदल्या दिवशी त्यांनी मामाला रिकामा पाट घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चार वेळा चढायला लावल्या होत्या. पुण्याच्या नगरभूमापन खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्यांच्या जमिनी इंचाइंचाने मोजून स्वभावच तसा झालेला. मी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, त्यामुळे माझं त्यांच्याशी कधी वाकडं आलं नाही.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, टाकानिनीला आले होते. इथून सप्टेंबरात ते परस्पर जर्मनीला जाणार होते, ल्यूबेक नावाच्या जुन्या गावी. गाइडची छत्री बघत कळपाने हिंडायला बाबा तयार नव्हते. त्यांनी त्या गावाचं ‘आपलं आपण फिरा’ छापाचं एक माहितीपत्रक नेटवरून उतरवलं. अकरा थांबे, अडीच तास. ते सगळं त्यांनी मराठीत करून वहीत लिहून काढलं आणि जूनच्या पहिल्या सोमवारी जाहीर केलं, की उद्यापासून तालीम.

“इथे?” सलोनीने विचारलं. सलोनी माझी बायको. “बाबा, सप्टेंबरला हीप्स, ढीगभर वेळ आहे अजून.”

“परक्या गावात नकाशा धरून तोंड वेंगाडून उभं राहायचं नाही मला. वळणं पायात बसली पाहिजेत,” बाबा म्हणाले.

आमची वसाहत नवी आहे. पाच वर्षांपूर्वी इथे घोडे चरत होते. आता एकसारखी करडी घरं, लाकडी कुंपणं आणि काठीएवढी झाडं. बाबांनी या वसाहतीवर ल्यूबेक अंथरलं. प्रवेशाशी विटांचे दोन जाड खांब आहेत, ते वेशीचे बुरूज. उतरत्या छपरांची सहा जोडघरं म्हणजे मिठाची कोठारं. मुलांच्या खेळायच्या जागी मोठं चर्च. महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात तिथल्या घंटा खाली कोसळल्या आणि पडल्या जागी तशाच ठेवल्या आहेत, हे बाबा घसरगुंडीसमोर उभे राहून आईला रोज वाचून दाखवायचे. आई गुडघे चोळत ऐकायची.

दहावा थांबा होता गल्लीचा. ल्यूबेकमध्ये घरांच्या पोटातून आत जाणाऱ्या बुटक्या गल्ल्या आहेत. तोंडाशी वाकावं लागतं. रुंदी निदान शवपेटी जाईल इतकी ठेवत, असं सांगतात. त्यासाठी बाबांनी दोन घरांमधली पायवाट निवडली होती. एका रस्त्याच्या टोकाहून दुसऱ्या रस्त्याला जाणारी, खाली काँक्रीट, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच कुंपण, वर मोकळं आकाश. आई अलीकडच्या बाकावर बसायची. बाबा आत जायचे, पलीकडे निघायचे आणि रस्त्याने वळसा घालून चार मिनिटांत तिच्यापाशी परत यायचे.

दुसऱ्या आठवड्यात जेवताना बाबा अस्वस्थ दिसले.

“मकरंद, त्या पायवाटेची लांबी किती असेल?”

“पंधरा मीटर?”

“सोमवारी माझी एकोणीस पावलं झाली. काल बावीस. आज एकतीस.”

“पावलं लहान पडली असतील. थंडी आहे. इथला जून म्हणजे हिवाळा.”

“माझं पाऊल पंच्याहत्तर सेंटिमीटरचं आहे,” ते म्हणाले. “ते चुकत नाही.”

त्यांना बरं वाटावं म्हणून मी शनिवारी टेप घेऊन गेलो. चौदा मीटर वीस. परतीला पुन्हा मोजलं, तेवढंच. पलीकडच्या टोकाच्या घरात विरेमू नावाचे निवृत्त गृहस्थ राहतात. गॅरेज उघडं टाकून सकाळभर लाकूडकाम करत असतात. “किया ओरा,” म्हणून त्यांनी हात केला. माझे वडील रोज तुमच्या घरावरून जातात, त्रास नाही ना, असं मी सहज विचारलं.

“मी दुधाला कोपऱ्यावरच्या डेअरीवर जातो तेव्हा तुझी आई बाकावर दिसते,” ते म्हणाले. “वडील? इथून तर कोणी बाहेर येत नाही, मेट.”

त्यांचं लक्ष नसेल, असं मी धरून चाललो. मशीन चालू असल्यावर कुणाचं असतं?

पुढच्या बुधवारी बाबा परत आले तेव्हा त्यांच्या टोपीवर पांढरी चुन्याची रेघ होती, कपाळाच्या वर आडवी. आमच्या वसाहतीत चुन्याची एकही भिंत नाही. टोपी झटकत ते म्हणाले, “वाकायला उशीर झाला.”

“कशाखाली?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडणार. पण ते चक्क खूश होते. चोपन्न पावलं, म्हणाले, आणि आत कुणीतरी मासे तळत होतं.

त्या रात्री मी वही कपाटात कुलूपबंद केली. डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. पंच्याहत्तरीचा माणूस, परका देश, डोकं गोंधळतं. वही लपवून उपयोग झाला नाही, कारण ती त्यांना पाठ होती. शुक्रवारी सकाळी आई माझ्या टेबलापाशी आली आणि दार लावून घेतलं.

“काल मी बाकावर चाळीस मिनिटं बसले होते,” ती म्हणाली. “चार मिनिटांचं काम. उठून आत बघितलं तर आरपार दिसत होतं रे, मोकळंच. आणि मग हे मागून आले. हात बर्फासारखे. उद्या तू चल.”

तिचा आवाज इतका लहान झालेला मी पहिल्यांदा ऐकला. मी हो म्हटलं.

शनिवारी आम्ही तिघं निघालो. साडेनऊ वाजले होते, ऊन स्वच्छ होतं, गवतावर दहिवर होतं. बाबा प्रत्येक थांब्यावर थांबले. बुरूज, कोठारं, चर्च. घसरगुंडीसमोर त्यांनी घंटांचं काही सांगितलं नाही, टोपी काढून नुसते उभे राहिले. मी त्यांचा दंड धरून चालत होतो. मनात ठरवलं होतं, पायवाटेत दोघांनी बरोबर जायचं आणि हा खेळ संपवायचा.

बाकापाशी त्यांनी माझा हात सोडवला.

“इथे दोघं मावत नाहीत,” ते म्हणाले. “तू मागून ये.”

पायवाट दीड मीटर रुंद आहे. मी टेपने मोजली होती.

ते वाकले. खांदे आत घेतले आणि मोकळ्या आकाशाखाली, कंबरेत वाकून, आत गेले.

मी तोंडाशी उभा राहून पाठ बघत होतो. करडा स्वेटर, मफलर. ते सावकाश चालत होते. पलीकडचं टोक समोर होतं, विरेमूंचं गॅरेजही दिसत होतं. बाबा लहान होत चालले होते. चौदा मीटरवर माणूस जेवढा लहान दिसेल त्याहून लहान. आधी हातभर, मग पंजाएवढे.

गॅरेज होतं तेवढंच होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आईने माझ्या तोंडावर हात दाबला.

“निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये,” ती कुजबुजली.

तिच्या तोंडून हे मी जन्मभर ऐकत आलो होतो. परीक्षेला निघताना, एअरपोर्टला निघताना. जन्मभर त्यावर हसलो होतो. त्या वेळी मात्र गप्प बसलो. का बसलो, ते मला सांगता येत नाही. तीन-चार सेकंद असतील. आईचा हात तोंडावर होता, एवढंच आठवतं.

मग बाबा दिसेनात.

मी धावलो. चौदा मीटर, कुंपणाच्या फळ्या, काँक्रीट. पलीकडे बाहेर पडलो. विरेमू रंधा हातात धरून बघत होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

पोलीस आले, दोन्ही घरांची आवारं, ओढा, रेल्वे स्टेशन, सगळं पाहिलं. कुत्रं आणलं. ते पायवाटेच्या मध्यापर्यंत गेलं आणि खाली बसलं. ओढूनही पुढे जाईना.

आईने नऊ दिवस एकच गोष्ट लावून धरली: मी तुला हाक मारू दिली नाही. मी तिची समजूत घालायचो आणि आतून तिच्यावर चिडलेला असायचो, तिच्यापेक्षा स्वतःवर. बाबांना परत आणायचा एक क्षण होता आमच्याकडे, तो आम्ही दोघांनी मिळून घालवला.

दहाव्या दिवशी ती उठली, साडी नेसली आणि पायवाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मी मागे होतो.

“अहो,” तिने हाक मारली.

काही नाही.

एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिने बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं, लग्नातला उखाणा सोडला तर. तिने पदर सारखा केला.

“विश्वनाथ!”

कुंपणावरची चिमणी उडाली.

“आलो,” बाबा म्हणाले.

आवाज आतून आला. स्पष्ट, नेहमीचा, आंघोळीला उशीर झाल्यावर देतात तसा. समोर काँक्रीट होतं आणि पलीकडे विरेमूंचं गॅरेज.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. आई नाव घेऊन हाक मारते, बाबा “आलो” म्हणतात. आवाज जराही बारीक झालेला नाही. फक्त हाक आणि उत्तर यांच्या मधे वेळ जातो. माझी सवय वाईट, मी फोनवर सेकंद मोजू लागलो. पहिल्यांदा मोजले तेव्हा चार होते. मग सात. गेल्या आठवड्यात अकरा, मग चौदा.

आई खूप सावरली आहे. जेवते, फोनवर पुण्याला बोलते. बाबांच्या खोलीत तिने हीटर लावून ठेवलाय.

“उत्तर देतायत म्हणजे निघालेत तिकडून,” आज घरी येताना ती म्हणाली. “मला तर जवळ आल्यासारखे वाटतात. तुला?”

“हो आई,” मी म्हटलं. “जवळ आलेत.”

फोन खिशात होता. आज एकोणीस सेकंद लागले होते.