उशा किती घेता?

हॉस्पिटलमध्ये आम्हाला मिळालेली खोली पूर्वी जुने एक्स-रे ठेवायची होती. चौथा मजला, एकच खिडकी, आणि फरशीवर लोखंडी कपाटांचे गंजके डाग. तिथे बसून आम्ही दोघं चार हजार एकशे बारा भेटी तपासत होतो. भेटी म्हणजे व्हिडिओवरच्या. पेशंट घरी फोनसमोर, डॉक्टर आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या चिमुकल्या खोलीत एकटे. पेशंटची परवानगी घेऊन प्रत्येक भेट रेकॉर्ड केलेली. आमच्या संशोधनाचा प्रश्न सरळ होता: हात न लावता तपासलं, तर आजार जास्त निसटतात का? मी संख्याशास्त्राची. मला नाडी कळत नाही, आकडे कळतात.

रेकॉर्डिंगचं काम बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना सगळे 'हेडफोन' म्हणत. ते यंत्र त्यांच्या कानावर नसलं तर गळ्यात असे, आणि गळ्यात नसलं तर ते त्याला शोधत असत. निवृत्तीला टेकलेले, पण कान मांजराचे.

एका मंगळवारी सकाळी आकडे हाती आले. उत्तर अपेक्षेप्रमाणेच होतं. व्हिडिओवर थोडे जास्त निसटतात. चला, झालं, असं म्हणून मी सहज गट पाडून बघत बसले. वयाप्रमाणे, वेळेप्रमाणे, मग बोलणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे. बोलणं उतरवून घेणारा आमचा प्रोग्रॅम आवाज मोजतो. एक डॉक्टर, एक पेशंट. सोबत सून किंवा नवरा असला तर तीन. पण अडतीस भेटी अशा निघाल्या की पेशंट एकटा असल्याची नोंद होती आणि आवाज मात्र तीन होते. त्या अडतीसांत निसटलेले आजार किती?

शून्य.

मी खुर्चीतून उठलेच. "अहो, इकडे या लवकर! खजिना सापडलाय!"

"हळू, मॅडम," हेडफोन म्हणाले. "खालच्या मजल्यांवर आजारी माणसं असतात."

पहिली भेट लावली. एक शिंपीणबाई थकव्याची तक्रार सांगत होत्या. डॉक्टरांनी जेवण विचारलं, झोप विचारली, आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून देतो म्हणाले. तेवढ्यात तिसरा आवाज आला. मध्यमवयीन बाईचा, अजिबात घाई नसलेला.

"झोपताना उशा किती घेता?"

"आधी एक घ्यायचे," शिंपीणबाई म्हणाल्या. "आता तीन लागतात. आडवं पडलं की धाप लागते."

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज. त्याच दिवशी शिंपीणबाई भरती झाल्या. हृदय कमजोर झालं होतं.

दुसरी भेट एका सुताराची. जबडा दुखतो म्हणून त्याला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवणार होते. तोच आवाज: "जिना चढताना जास्त दुखतं का?" दुखत होतं. दुखणं दातांचं नव्हतं, छातीतलं होतं. तिसरी एका शिक्षिकेची, डोकेदुखीची. "केस विंचरताना दुखतं का?" आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर तिची नजर गेली असती, असं पुढच्या कागदांत होतं.

माझ्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. कुणीतरी अनुभवी नर्स गुपचूप डॉक्टरांच्या शेजारी बसते आणि नेमका एक प्रश्न विचारते! ही बाई सापडली, तिच्याकडून तो बरोबर प्रश्न कसा सुचतो हे शिकता आलं, तर काय होईल? मला बसवेना. लिफ्टची वाट न बघता मी दोन मजले जवळजवळ पळत उतरले.

शिंपीणबाईंना तपासणारे डॉक्टर उंचेपुरे होते. "कसली नर्स?" ते म्हणाले. "या खोलीत माझेच गुडघे मावत नाहीत. त्या बाई पेशंटकडच्या होत्या ना? नणंद असेल, शेजारीण असेल. हुशार बाई. मी मनात म्हटलं, बरं झालं, वेळेवर तोंड उघडलं."

त्या अडतीस भेटी नऊ डॉक्टरांच्या होत्या. नऊही जणांना ती बाई आठवत होती. नऊही जणांना ती पेशंटच्या घरची वाटली होती.

मग मी पेशंटना फोन लावले. सुतार हसला. "माझ्या घरी मी आणि मांजर. त्या बाई डॉक्टरसाहेबांकडच्या होत्या की! पडद्यावर दिसल्या नाहीत, पण आवाज अगदी कानाशी होता."

सोळा जणांना विचारलं. सोळाही जणांनी हेच सांगितलं.

दुपारी वर आले तेव्हा हेडफोन खिडकीशी उभे होते. कानावर काही नव्हतं, गळ्यातही नव्हतं. ते यंत्र टेबलावर ठेवलेलं होतं.

"डॉक्टरांकडचा आवाज आपण वेगळा साठवतो," ते म्हणाले. "पेशंटकडचा वेगळा. मग दोन्ही एकत्र करून तिसरी फाइल करतो. तुम्ही ऐकताय ती तिसरी."

"मग?"

"पहिल्या फाइलमध्ये ती बाई नाही. दुसऱ्या फाइलमध्येही नाही."

"मशीनचा घोळ असेल."

"घोळ असा प्रश्न विचारतो का, मॅडम?"

पण खरं सांगते, तेव्हाही भीती वाटली नाही. वाटली ती उत्सुकता. दुसऱ्या हॉस्पिटलच्या फोनलाइन मिसळल्या का, कुणी चोरून ऐकतंय का, जुनं रेकॉर्डिंग मध्ये घुसलं का, सगळं तीन दिवसांत तपासलं. एकही शक्यता टिकली नाही. प्रत्येक शक्यता खोडताना मला वाटे, आता आपण जवळ येतोय.

शुक्रवारी मी शिंपीणबाईंशी व्हिडिओवरच बोलायचं ठरवलं. दुपारचे बारा. आमच्या खोलीत मी एकटी, दार लावलेलं, खिडकीतून लख्ख ऊन. पडद्यावर त्या, गळ्यात माप घ्यायची फीत, मागे शिलाईचं यंत्र. तब्येत छान दिसत होती.

"त्या बाईंचा आवाज परत ऐकला तर ओळखाल?" मी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? आत्ताच तर बोलल्या."

"कोण?"

"तुमच्याकडच्या बाई. अहो, त्या मला नाही विचारत, तुम्हाला विचारताहेत. तुम्ही उत्तर देईनात, म्हणून मीही गप्प बसले."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. खोलीत पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

"काय विचारताहेत?"

शिंपीणबाई जरा अवघडल्या. "'बोटातली अंगठी निघते का?' म्हणे."

माझ्या उजव्या हातात आईची अंगठी आहे. हात धुताना मी ती काढून ठेवत असे. घसरून पडेल म्हणून. मी ती ओढली. निघाली नाही. पिळून बघितली. नाही. कातडी लाल झाली, अंगठी जागची हलली नाही. शेवटचं कधी काढली होती, तेच आठवेना.

घरी आल्यावर मी हा प्रकार माझ्या थोरल्या बहिणीला सांगितला. आम्ही दोघी एकत्र राहतो. आवाजाचं मी गाळलं. फक्त अंगठीचं बोलले.

ताई भाजी निवडता निवडता थांबली. "तुझ्या नव्या चपला मला होतात हल्ली, ते लक्षात आलंय का तुझ्या? पूर्वी माझी टाच बाहेर यायची."

"तुझे पाय बारीक झाले असतील."

"चाळिशीनंतर कुणाचे पाय बारीक होतात गं? आरशात बघ जरा. नाक बघ. मला वाटत होतं, तू आईवर चाललीयेस."

सोमवारी तपासण्या झाल्या. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते. तिच्यावर वाटाण्याएवढी गाठ होती. हळूहळू हातपाय आणि चेहरा वाढवणारी, आणि पुढे डोळ्यांच्या नसेवर दाब आणणारी. सर्जन शांत बाई होत्या. नाकातून ऑपरेशन केलं. गाठ पूर्ण निघाली.

"फार लवकर आलात," त्या म्हणाल्या. "हे सहसा वर्षानुवर्षं कळत नाही. कुणाच्या लक्षात आलं?"

"ओळखीतल्या एका बाईंच्या," मी म्हटलं, आणि मला हसू आलं. मला जगायला मिळालं होतं, आणि जगातला सगळ्यात विलक्षण निष्कर्ष माझ्या लॅपटॉपमध्ये होता. पडल्यापडल्या मी शोधनिबंध लिहून काढला. पंधरवड्यानंतर तो सगळ्या विभागांसमोर मांडायचा होता. ती बाई कोण, ते मी लिहिलं नाही. 'तिसरा आवाज' इतकंच लिहिलं आणि आकडे दिले.

घरी येऊन अकरा दिवस झाले. मांडणी चार दिवसांवर आली होती. हेडफोनांचा दिवसाला तीनदा फोन येई. तेही तिशीतल्या पोरासारखे उतावळे झाले होते. त्या सकाळी सर्जनबाईंची तपासणीची भेट होती, अर्थातच व्हिडिओवर. ताई औषधं आणायला गेली होती. मी लॅपटॉप उघडून बसले.

"डोकं दुखतं?"

"नाही."

"नजर?"

"उत्तम."

"पुढे वाकलं की नाकातून पाणी येतं का? पातळ, खारट?"

येत होतं. पहाटेपासून दोनदा आलं होतं. सर्दी असेल, असं मी ठरवलं होतं. हो म्हटलं तर परत भरती, आणि मांडणी गेली.

"नाही," मी म्हटलं.

मी कान देऊन होते. कोणताही आवाज आला नाही.

सर्जनबाईंची नजर पडद्यावर माझ्यावरून जराशी वर सरकली. त्या हसल्या.

"तुम्ही नाही म्हणताय, आणि तुमच्या मागच्या बाई हो म्हणून मान हलवताहेत. मी कुणाचं ऐकू?"



"त्यांचं," मी म्हटलं.

"वाटलंच मला. मेंदूभोवतालचं पाणी गळतंय, याला उशीर चालत नाही. लगेच निघा. वाकू नका, शिंकरू नका. आणि एकट्या येऊ नका. त्यांना सोबत आणा."

मी हो म्हटलं.

माझ्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली होती. मध्ये हात घालण्याइतकीही जागा नव्हती.