साठवर लावलेली गाडी

दार लोटून घ्या. आणि कोपऱ्यातल्याने आतापासूनच कानावर हात ठेवू नयेत, भुताची गोष्ट हवी म्हणून तुम्हीच माझं डोकं खाल्लंत. ही मात्र ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतली तो मधपाळ माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. त्याला सगळे दादाच म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वीची गुरुवारची रात्र. सूर्यफुलाच्या शेतात चाळीस मधपेट्या पोचवायच्या होत्या. हे काम रात्रीचंच, कारण अंधार पडला की सगळ्या माश्या पेटीत परततात. साडेअकराला दादाने पिकअप काढली आणि मागे ट्रेलर जोडला. दोर सैल पडला तर कळावं म्हणून धाकटा भाऊ ट्रेलरमध्ये पेट्यांजवळ बसला. दोन मुलांचा बाप, पण थट्टेची खोड काही जात नव्हती. "दादा, डुलकी लागली तर आधी सांग हं," तो म्हणाला, "म्हणजे मी उडी मारायला मोकळा."

रस्ता सरळ, सपाट. वेग कमीजास्त झाला की माश्या बिथरतात, म्हणून दादाने क्रूझ कंट्रोलचं बटण दाबलं. वेग साठवर लावला, पाय मोकळा झाला. मेकॅनिकने बजावलं होतं, "ट्रेलर जोडलेला असताना ते बटण नको. मागचं वजन पायालाच कळतं." पण दादा कोणाचं ऐकेल तर शपथ.

साडेबाराच्या सुमारास इंजिनचा आवाज चढला. रस्त्याला चढ नव्हता. काटा साठवरच होता, पण गाडी धापा टाकत होती. चाक पंक्चर झालं असेल, असं दादाला वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. धाकट्याचा.

"दादा, मागे कोणाला घेतलंस?"

"कोणाला घेणार? गाडी कुठं थांबली तरी का?"

"तेच तर... चालत्या गाडीत चढताहेत."

"मग तिकिटं फाड त्यांची."

पलीकडून हसू आलं नाही. थट्टा करताना धाकटा आधी स्वतःच हसायचा.

दादाने ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट. बटण बंद केलं. पुन्हा केलं. काटा साठवर. आरशात नुसत्या पेट्या आणि काळोख.

"किती जण आहेत रे?"

"तोंडं दिसत नाहीत... पण बसायला जागा उरली नाही."

"घट्ट धरून बस. मी थांबवतो."

"थांबव ना, दादा."

"थांबवतोच आहे रे!"

दोन्ही पाय ब्रेकवर. किल्ली फिरवली. काही नाही. इंजिन किंचाळायला लागलं. दादा रडकुंडीला आला होता. भाऊ चार हातांवर, आणि त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

"दादा... सरक म्हणताहेत."

"सरकू नकोस! ऐकतोयस? जागा सोडू नकोस!"

...

"सरकलो रे, दादा."

फोन बंद झाला.

इंजिन शांत. ब्रेक लागला... अगदी सहज. गाडी थांबली.

दादा मागे धावला. चाळीसच्या चाळीस पेट्या जागच्या जागी. दोर ताठ. धाकटा नव्हता.

उजाडेपर्यंत तो त्या रस्त्यावर हाका मारत पळत होता. पुढे पोलिसांनीही सगळा भाग पालथा घातला. आजतागायत पत्ता नाही.

त्या सकाळी दादाने गाडी शेतावर नेली आणि तिथल्या माणसांनी पेट्या उतरवल्या. भाराने ट्रेलरच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार दबले होते. शेवटची पेटी खाली आली. वर आता नुसती फळी. दादाने तिच्यावर हात ठेवला.

"उतर रे आता," तो म्हणाला. "पोचलो आपण."

पाटे दबलेलेच राहिले.