सियाहकोटचा ओलीस

सियाहकोटच्या बुरुजांवर सूर्याची पहिली तिरीप पडली, तेव्हा जमिनीच्या पोटातले काळे तेल वर ओढणारी यंत्रे नेहमीप्रमाणे धडधडत होती, आणि किल्ल्यातल्या चाळीस मराठ्यांजवळ पिण्याचे पाणी मात्र एका दिवसापुरते उरले होते. इराणच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरांत गवताचे पाते उगवत नसे. परंतु १९१५ सालच्या त्या उन्हाळ्यात दर्यावरच्या सरकारी लढाऊ जहाजांना तेल हवे होते, आणि ते सुखरूप राहावे म्हणून कोकणातली माणसे आणून तिथे वाळत घातली होती. किल्ल्यातल्या विहिरीच्या पाण्याला तेलाची घाण येई. खेचरेसुद्धा त्याला तोंड लावीत नसत. गोडे पाणी, पीठ आणि काडतुसे येत ती चार कोसांवरून, खेचरांच्या तांड्यावर लादून, बहरामखानाच्या खिंडीतून.

खिंड खानाची, म्हणून करारही खानाच्या टोळीच्या रिवाजाचा. तांडा जोवर ये-जा करील तोवर खानाच्या रक्ताचा एक पुरुष ओलीस म्हणून किल्ल्यात राहील. तांड्याला धक्का लागला तर त्याची मान जाईल. आणि रोज सूर्योदयाला तो बुरुजावर उभा राहून आपले व आपल्या बापाचे नाव पुकारील, म्हणजे तो जिवंत आहे हे टोळीला कळेल. खानाने आपला सावत्र भाऊ असदखान देऊ केला. सख्खा मुलगा सोडून हाच का, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

किल्ल्याचे कप्तानसाहेब सहा दिवसांपूर्वी तापाने फणफणून डोलीतून बंदरावर गेले होते. जाताना त्यांनी सुभेदार बाबाजी खानविलकरांच्या हाती एक लेखी हुकूम ठेवला. ओलिसाला बुरुजावर मिरवण्याचा हा रानटी तमाशा आजपासून बंद. त्याला कोठडीत ठेवावे. सुभेदारांची बावीस वर्षांची नोकरी झाली होती आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी एकही हुकूम मोडला नव्हता. त्यांनी कागद कपाळाला लावला आणि असदखानाच्या कोठडीला कुलूप घातले.

तांडा आदल्या दिवशीच यायचा होता. त्याच्यावर बारा शिपायांची नेमणूक होती, आणि त्यांचा नाईक होता गणोजी, सुभेदारांचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर सुभेदारांनी त्याला आपल्या ताटात जेवू घालून वाढवला होता.

"सुभेदारसाहेब, खिंडीच्या तोंडाशी बघा!" हवालदार सकपाळ ओरडला.

हाकेच्या टप्प्यावर तीनशे बंदूकवाले उभे होते. त्यांच्यापुढे बारा मराठे हात मागे बांधून गुडघ्यांवर बसवले होते. ज्या वाटाड्यांच्या भरवशावर तांडा खिंडीत शिरला, त्यांनीच तो बांधून दिला होता. घोड्यावरून बहरामखानाने हात उंचावला. एक बार झाला, आणि रांगेतला पहिला शिपाई तोंडावर पडला.

किल्ल्यात एकच कल्लोळ उठला. "ओलीस आपल्या हातात हाय! त्याचं मुंडकं फेका त्यांच्या म्होरं!" गोळी चालवावी तर पुढे आपलीच माणसे. कराराप्रमाणे ओलिसाची मान सुभेदारांचीच होती. ते तलवार उपसून कोठडीत शिरले.

असदखान भाकरी खात होता. तलवार बघून तो शांतपणे उठला.

"सुभेदारसाहेब, मारण्याआधी एवढंच ऐका. सहा दिवस मी बुरुजावर दिसलो नाही. 'फिरंग्यांनी असदला मारलं' असं बंधुराजांनी टोळीला सांगितलं असणार. त्याशिवाय एकाही माणसानं तांड्यावर हात टाकला नसता. टोळी माझ्या रक्ताचा सूड घेते आहे आणि मी इथं भाकरी खातो आहे. आता आपण मला मारलंत की त्यांचं खोटं खरं होईल, भाऊबंदकीचा काटा आपल्या हातून निघेल. आपल्या डोळ्यांदेखत माणसं मारताहेत ती त्याचसाठी. मला वर न्या. माझा आवाज ओळखतील ते."

सुभेदारांना सगळे लख्ख पटले. तलवार खाली आली. आणि तरीही पाऊल पुढे पडेना, कारण खिशात तो कागद होता.

"कप्तानसाहेबांचा लेखी हुकूम आहे, खानसाहेब. विचारावं लागेल."

"विचारावं लागेल? कोणाला?"

बुरुजावर आरशाचे यंत्र होते. ऊन परतवून त्याच्या चमकांनी डोंगरामागून डोंगर ओलांडत बंदरापर्यंत निरोप जाई. सुभेदारांनी निरोप घातला: ओलिसाला बुरुजावर दाखवण्याची परवानगी व्हावी, माणसे मरत आहेत. मग ते यंत्रापाशी ताठ उभे राहिले. दुसरा बार झाला. तिसरा झाला. सकपाळ रडत म्हणाला, "सुभेदारसाहेब, गणूचा नंबर पाचवा हाय हो! तुमाला दिसतंय न्हवं?" सुभेदारांना दिसत होते. भाऊ मान वर करून बुरुजाकडेच बघत होता. चौथा बार झाला. असल्या वेळी उभा राहून उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाला काय म्हणावे? शिस्तीचा म्हणावा तर जीभ अडखळते, आणि भित्रा तर तो मुळीच नव्हता.

डोंगरावर चमक झाली. निरोप्याने अक्षरे जुळवून वाचली: "हुकूम कायम."

पाचवा बार झाला.

सुभेदारांनी खिशातला कागद काढला, फाडला, आणि धावत खाली जाऊन असदखानाचा हात धरून त्याला वर आणले. बुरुजाच्या कठड्यावर दोघे उभे राहिले. बहरामखानाने ते पाहताच स्वतः बंदूक उचलली. त्याबरोबर सुभेदार असदखानाच्या पुढे सरकले आणि गोळी त्यांच्या डाव्या खांद्यात घुसली. ते हलले नाहीत. त्यांच्या पाठीमागून असदखानाने सगळे डोंगर दुमदुमावेत अशा आवाजात आपले नाव पुकारले, बापाचे पुकारले, आजोबाचेही पुकारले.

तीनशे बंदुका खाली आल्या. मग त्यांच्यातला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा पुढे झाला आणि त्याने बहरामखानाला घोड्यावरून खाली ओढले.

दुपारी पाण्याच्या पखाली किल्ल्यात आल्या, सात शिपाई पायी चालत आले आणि पाच प्रेते खेचरांवरून आली. असदखानाने जेरबंद बहरामखानाला दरवाजाशी उभे केले.

"सुभेदारसाहेब, आमच्या रिवाजानं याचं रक्त आपलं आहे. आपल्या भावाच्या बदल्यात घ्या. हा जिवंत राहिला तर मी राहणार नाही."

सात शिपाई, हवालदार, सगळी टोळी सुभेदारांच्या तलवारीकडे बघत होती. उजवा हात शाबूत होता. पण सकाळी मोडलेल्या हुकुमाने हा माणूस आतून हादरला होता; बावीस वर्षांची इमानदारी एका फाडलेल्या कागदासरशी गेली, असे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि ती भरून काढायची घाई त्यांना नडली.

"कैदी सरकारचा आहे," ते म्हणाले. "साहेब येऊन न्याय करतील."

बहरामखान मान खाली घालून हसला.

नवव्या दिवशी बंदरावरचे बडे साहेब आले. त्यांनी पहिला प्रश्न केला तो तेल किती दिवस बंद होते हा. एकही दिवस नाही, असे कळल्यावर त्यांनी सुभेदारांची पाठ थोपटली. मग त्यांनी करारनामा काढला. त्यावर शिक्का बहरामखानाचा होता, आणि मुलूखभरच्या दहा खानांचे असेच करार त्या एका शिक्क्याच्या भरवशावर उभे होते. नवा खान, नवा करार, नवी बोलणी, एवढा वेळ लढाईच्या धामधुमीत होता कोणाला? बहरामखानाच्या दोऱ्या सोडल्या गेल्या. त्याने एकच मागणी केली, करार पाळून किल्ल्यातच राहिलेला आपला भाऊ. साहेबांनी ती तिथल्या तिथे मान्य केली.

"सुभेदार, ओलिसाला दरवाजाबाहेर पोहोचवा."

सुभेदारांनी पोहोचवले. ठरलेल्या पावलांनी, पहाऱ्यासह, सलामी देऊन. असदखान जाताना म्हणाला, "आपण माझ्यासाठी गोळी खाल्लीत, मी विसरलो नाही." त्या शब्दांपेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरे झाले असते. दरवाजापासून शंभर पावलांवर त्याला बहरामखानाच्या चौघा माणसांनी दाबून धरले आणि तापल्या सळईने त्याचे दोन्ही डोळे काढले. किंकाळी किल्ल्यात सर्वांनी ऐकली. साहेब तेव्हा चहा घेत होते. यंत्रे चालूच होती.

दीड वर्षाने सुभेदार छातीवर पदक आणि अधू खांदा घेऊन चिपळूणकडच्या आपल्या गावी परतले. गणोजीची बायको अंगणात भात वाळवीत होती. तिने पदर पुढे ओढला आणि विचारले:

"भावजी, ह्यांना मारलानी तवा तुमी लांब होतात काय?"

"नाही," सुभेदार म्हणाले. "समोर होतो."

"मग?"

सुभेदार म्हणाले, "परवानगी मागत होतो."

तिने सूप खाली ठेवले आणि ती घरात गेली. त्यानंतर त्या घराचे दार सुभेदारांसाठी कधी उघडले नाही.